कुंडीतलं लिंबू भरपूर खत घालूनही पिवळंच का राहिलं: वाघोलीतल्या एका गच्चीची पूर्ण केस

झाड पिवळं पडलं की बहुतेक घरांत एकच निदान होतं, भूक लागलीये, खत घाला. मग गांडूळखत, शेणखत, कुठल्यातरी व्हिडिओत बघून एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट), अंड्याची टरफलं, जे हाताशी येईल ते कुंडीत जातं आणि झाड आणखी पिवळं होत जातं. ही केस मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण ह्यात खत भरपूर होतं, ऊन भरपूर होतं, माया तर विचारूच नका, आणि तरी झाड उपाशी होतं. पुण्यात टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत असं झाड मला इतक्या वेळा दिसतं की एकदा सगळं नीट मांडावंच म्हटलं.

झाड काकूंचं. मैत्रिणीच्या सासूबाई, पण आम्ही सगळेच काकू म्हणतो. वाघोलीत वरच्या मजल्यावर टेरेस फ्लॅट, गच्ची पश्चिमेला उघडी, दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत कडक ऊन. २०० लिटरचा निळा ड्रम मधोमध कापून, तळाला भोकं पाडून त्यात कागदी लिंबाचं गुटी कलम (मोठ्या झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) लावलेलं. माती म्हणजे नर्सरीतली लाल माती, त्यात कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. म्हणजे सुरुवात अगदी व्यवस्थित होती. गुटी कलम असल्यामुळे फळासाठी वर्षानुवर्षं थांबायचंही नव्हतं, पहिल्या पावसाळ्यानंतर थोडी फुलं आली आणि पुढच्या उन्हाळ्यात घरची लिंबं मिळाली. मग दुसऱ्या हिवाळ्यापासून बिघडायला लागलं.

मी बघायला गेले ते एप्रिलमध्ये. तोपर्यंत काकूंनी काय काय केलं होतं ते आधी सांगते कारण ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शेंडे पिवळे दिसल्यावर त्यांनी पहिल्यांदा गांडूळखत वाढवलं, फरक नाही. मग शेजारच्या ताईंनी सांगितलं कॅल्शियम कमी असेल म्हणून अंड्याच्या टरफलांची पूड, मग गावाकडून फोनवर कुणीतरी सांगितलं चुन्याची निवळी घाला, ती पंधरा दिवसांनी एकदा सुरू झाली, मग लोह कमी असेल म्हणून मातीत गंजलेले खिळे खोचले, मग एप्सम सॉल्टची फवारणी, आणि कीड लागू नये म्हणून वरून चुलीची राख. प्रत्येक गोष्ट कुणीतरी मनापासूनच सांगितलेली आणि काकूंनी मनापासूनच केलेली. ह्यातल्या तीन गोष्टींनी झाडाचं थेट नुकसान केलं आणि बाकीच्यांनी काहीच केलं नाही, ते कसं ते पुढे येईलच.

झाडाजवळ गेल्यावर मी आधी एकच बघते, पिवळेपणा कुठून सुरू झालाय. वरून की खालून? नव्या पानांपासून की जुन्या? ह्या एका प्रश्नावर अर्धं निदान होतं आणि नेमकं हेच कुणी बघत नाही, सगळे लांबून 'झाड पिवळं पडलंय' एवढंच बघतात.

कारण असं आहे. नत्र, मॅग्नेशियम, पोटॅश ही अन्नद्रव्यं झाडाला आतल्या आत हलवता येतात. कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं, त्यामुळे कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. नत्र कमी असेल तर जुनं पान शिरांसकट सगळंच फिकट होत जातं. मॅग्नेशियम कमी असेल तर लिंबूवर्गीय झाडांत जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो आणि बाकीचं पान पिवळं. ही खूण एकदा बघितली की विसरत नाही. लोहाचं उलटं आहे. ते एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून कमी पडलं की जुनी पानं मजेत हिरवीगार आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या, बारीक जाळी काढल्यासारख्या. लोहाची कमतरता जास्त झाली तर पान जवळजवळ पांढरट होतं. जस्त कमी असलं तरी नवीच पानं बिघडतात पण ती आकाराने लहान, अरुंद राहतात आणि पिवळे पट्टे ठिगळासारखे असतात.

काकूंच्या झाडाची खालची पानं गडद हिरवी होती. वरचे शेंडे पिवळे, शिरांची जाळी हिरवी, एकदम टोकाची पानं तर दुधाळ. पानांचा आकार नीट. म्हणजे नत्राचा प्रश्न नाही (एवढ्या गांडूळखतानंतर असणारही नाही), मॅग्नेशियमचा नाही, म्हणून एप्सम सॉल्टने काही होण्याचा प्रश्नच नव्हता. सगळी बोटं लोहाकडे जात होती. त्याशिवाय काही जुन्या पानांच्या कडा आणि टोकं तपकिरी करपलेली होती. हे लोहाचं लक्षण नाही, हे क्षारांचं. आणि फुलं येऊन गळत होती.

आता इथे गंमत बघा. लाल माती लाल असते तीच मुळी लोहाच्या ऑक्साईडमुळे. म्हणजे ज्या ड्रममध्ये झाड लोहासाठी तडफडत होतं त्या ड्रमभर लोह होतं, वरून खिळेही खोचलेले होते. लोह नव्हतं असं नाही, झाडाला ते घेता येत नव्हतं. मातीचा सामू म्हणजे पीएच (७ च्या खाली माती आम्ल, वर अल्कधर्मी) साधारण ५.५ ते ६.५ असला की लिंबू खुश असतं. तो ७.५ च्या वर गेला की लोह गंजाच्या रूपात घट्ट होऊन बसतं, पाण्यात विरघळतच नाही आणि जे विरघळत नाही ते मुळाला मिळत नाही. खिळे अशा मातीत नुसते गंजतात, तो गंजही तसाच पडून राहतो.

मग सामू चढला कशाने? चुन्याची निवळी, टरफलं आणि राख ही तीन नावं तर समोरच होती. तिन्ही अल्कधर्मी. टरफलांची पूड म्हणजे जवळपास सगळा कॅल्शियम कार्बोनेट, थोडक्यात चुनखडीच. पण शेंडे पिवळे पडायला सुरुवात झाली होती ती हे सगळं सुरू व्हायच्या आधी, म्हणून मूळ कारण दुसरीकडे असणार होतं.

ते ड्रमच्या कडेवर दिसलं. आतून वरच्या काठाला आणि खाली पाणी निघायच्या भोकांभोवती पांढरा खरखरीत थर जमला होता. मी काकूंना घरातलं व्हिनेगर मागितलं, त्या थरावर चार थेंब टाकले, लगेच फेस आला. व्हिनेगर टाकून फेस आला म्हणजे कार्बोनेट, नुसतं साधं मीठ असतं तर फेस येत नाही. ही टेस्ट फुकट आहे, कुणीही करू शकतं.

मग विचारलं, काकू, झाडाला पाणी कुठलं घालता? तर त्या अभिमानाने म्हणाल्या, "अगं आरओचं वाया जाणारं पाणी सगळं झाडांनाच जातं, एक थेंब फुकट घालवत नाही."

सापडलं.

हे नीट समजून घ्या कारण पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने हे हजारो घरांत होतंय. आरओ मशीन पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, वेगळे करतं. प्यायच्या नळीतून निघतं ते क्षार काढलेलं पाणी आणि बाजूच्या नळीतून निघतं त्यात ते सगळे क्षार एकवटलेले असतात. वाघोलीत सोसायटीला टँकर आणि बोअरचं पाणी, ते आधीच जड. सिंकखालच्या नळाचं पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र) मोजलं तर ५६० पीपीएम आलं आणि आरओच्या टाकाऊ पाण्याचं ७७०. खडकवासला धरणाचं नळाचं पाणी ज्यांना मिळतं त्यांना हा त्रास त्या मानाने फारच कमी, कारण ते पाणीच मऊ आहे. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. काकूंच्या इलेक्ट्रिक किटलीच्या तळाला आणि बाथरूमच्या नळांवर जो पांढरा थर होता तोच ड्रममध्ये जमत होता. पाणी झाड पितं, उन्हाने उडून जातं, चुना मात्र मातीतच राहतो. जमिनीत लावलेल्या झाडाला पाऊस दरवर्षी खालपर्यंत धुवून काढतो, मुळांनाही लांब जाता येतं. ड्रममधल्या झाडाला जायला जागाच नाही. त्यात ड्रमखाली मोठी थाळी ठेवलेली होती फरशी खराब होऊ नये म्हणून, म्हणजे निथळलेलं खारं पाणी तिथेच साचायचं आणि परत वर शोषलं जायचं.

खात्री करायला अजून दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मातीचा सामू. वरची नाही, चार-पाच इंच खालची माती घेतली, एक भाग मातीला अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालायचं मिळतं ते), ढवळून अर्धा तास ठेवलं आणि वरच्या निवळीत पीएच पट्टी बुडवली. पट्टी ८ आणि ८.५ च्या मध्ये. घरगुती पट्टी लॅबइतकी नेमकी नसते पण ६ आणि ८ मधला फरक ती नक्की दाखवते आणि आपल्याला तेवढाच हवा असतो.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, एका फांदीची टेस्ट. पूर्ण झाडावर काहीही मारायच्या आधी फक्त एका फांदीवर मारून बघायचं. एक लिटर मऊ पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात मिळतं, ढोकळ्यात घालतात ते) विरघळवलं, मग ५ ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. क्रम महत्त्वाचा आहे, आधी आंबट मग हिराकस, नाहीतर जड पाण्यात हिराकस लगेच तांबूस होऊन वाया जातं. हिराकस घेतानाही फिकट हिरवी घ्या, तपकिरी पडलेली असेल तर ती बिघडली, तिचा उपयोग नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर एका फांदीची पिवळी पानं दोन्ही बाजूंनी भिजवली, फांदीला लाल दोरा बांधला, बाकी झाडाला हात लावला नाही. फरशीवर ओघळ पडला तर गंजाचे डाग निघत नाहीत, खाली जुनं गोणपाट टाकलं होतं.

दहा-बारा दिवसांनी काकूंनी फोटो पाठवला. दोऱ्याच्या फांदीवरच्या पानांवर हिरवे ठिपके ठिपके उठले होते, जिथे थेंब बसला तिथे हिरवं, मध्ये पिवळं. बाकीचं झाड होतं तसंच. लोह पानात हलत नाही त्यामुळे अशीच ठिपक्यांची हिरवळ येते आणि हीच खात्री. हिरवे ठिपके आले नसते तर मी निदान बदललं असतं, मुळं कुजलीत का बघितलं असतं, कारण सतत ओल्या मातीत श्वास कोंडलेली मुळंही लोह घेऊ शकत नाहीत आणि वरून पानं अगदी अशीच दिसतात. म्हणून ड्रमची भोकं मोकळी आहेत ना हेही काडी घालून बघितलं होतं, ती मोकळी होती.

उपचाराचा पहिला भाग फक्त बंद करण्याचा होता. आरओचं पाणी बंद, निवळी बंद, टरफलं बंद, राख बंद, थाळी काढून ड्रम विटांवर चढवला. काकूंना निवळी बंद करणं जड गेलं, विड्याच्या पानाच्या वेलाला चालते मग लिंबाला का नाही असं त्यांचं म्हणणं. मी एवढंच म्हटलं की काकू ह्या मातीत चुना आधीच ओव्हरफ्लो झालाय. वरची दोनेक इंच माती, जिच्यात राख आणि टरफलं होती, ती हलक्या हाताने खरवडून काढली आणि तिथे कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट घातलं. पूर्ण रिपॉटिंग केलं नाही. एप्रिलच्या उन्हात आजारी लिंबाची मुळं मोकळी करणं म्हणजे त्याला मारायला घेणं, ते कितीही मोह झाला तरी करू नका.

पाणी मग कुठलं घालायचं, हा खरा प्रश्न. उन्हाळ्यात मऊ पाणी आणणार कुठून? उत्तर बेडरूममध्येच होतं. एसीच्या पाईपमधून गळणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. पाईपखाली बादली लावली. पुण्याच्या एप्रिलमधली हवा कोरडी म्हणून पाणी कमीच जमतं, मुंबईत किंवा कोकणात ह्याच्या कितीतरी पट मिळेल. जे जमायचं ते लिंबाला आणि गच्चीवरच्या अनंताच्या झाडाला, कमी पडेल तेव्हा साधं नळाचं पाणी त्यात मिसळून. नळाचंही ५६० होतं पण आरओच्या टाकाऊपेक्षा बरंच बरं. लिंबू पिळून किंवा व्हिनेगर घालून पाणी द्यावं का असं काकूंनी विचारलं, तर त्याने तात्पुरता फरक पडतो, मातीतले जिवाणू तो आंबटपणा काही दिवसांत पचवून टाकतात. आंबट ताकाचंही तेच, नुकसान नाही पण एकट्याच्या जीवावर हे झाड उठणार नव्हतं.

मुळातून लोह देण्यासाठी चिलेटेड लोह (दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं, म्हणून विरघळलेलं राहणारं लोह) घेतलं आणि इथे दुकानात फसगत होते. चिलेटेड म्हणून सगळ्यात जास्त विकलं जातं ते ईडीटीए, ते साधारण ६.५ सामूपर्यंत टिकतं, त्यापुढे लोह सोडून देतं. चुनखडीच्या मातीत लागतं ते ईडीडीएचए, ते ९ पर्यंतही टिकून राहतं. महाग असतं पण ८ च्या वरच्या मातीत ईडीटीए ओतणं म्हणजे पैसे ओतणं. पॅकेटवर हे नाव वाचूनच घ्या. २ ग्रॅम पाच लिटर एसीच्या पाण्यात, ओल्या मातीत, संध्याकाळी. पाणी लालभडक होतं, घाबरायचं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा, बस. त्यासोबत हिराकसची फवारणी आता पूर्ण झाडावर, तीही पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदाच. फवारणीने जी पानं आज आहेत ती सुधारतात, नवी येणारी पानं मुळातूनच सुधारावी लागतात, म्हणून नुसती फवारणी करत बसलं तर आयुष्यभर करत बसावं लागतं.

मे अखेरीस थोडी फूट आली, पोपटी, शिरा आणि पान एकाच रंगाचं. काकूंचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

पण खरं काम पावसाने केलं. जूनमध्ये पहिल्या एक-दोन सरी झाल्यावर २५ ग्रॅम गंधक मातीत वरच्यावर मिसळलं. गंधक लगेच काही करत नाही, मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात, त्याला ओल आणि ऊब लागते आणि महिने जातात. ड्रम शेडखालून काढून पूर्ण उघड्यावर ठेवला. जुलैच्या झडीत ड्रमच्या तळातून धो धो पाणी निघत होतं आणि मी म्हटलं जाऊ दे, हेच हवंय. धुवून काढायचं तर ड्रमच्या दुप्पट-तिप्पट पाणी आरपार जावं लागतं, १०० लिटरच्या ड्रमला ते बादलीने कोण घालणार, पाऊस फुकट घालतो. धुपून नत्रही वाहून जातं म्हणून ऑगस्टमध्ये थोडी निंबोळी पेंड आणि कंपोस्ट दिलं. सप्टेंबरअखेर पट्टी ७ च्या आसपास होती.

मध्ये पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या, काकूंनी घाबरून फोन केला. त्या लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि कोवळी पानं फस्त करतात. झाड अशक्त होतं म्हणून हाताने उचलून सोसायटीच्या मागे वाढलेल्या बेलावर सोडल्या, तोही त्याच कुळातला आहे, त्यांना चालतो. विषारी औषध मारायची काही गरज नव्हती. काही पानांवर नागअळीच्या वेड्यावाकड्या चंदेरी रेघा होत्या, तिकडे दुर्लक्ष केलं, तेवढ्याने लिंबाचं काही बिघडत नाही.

पावसाळा संपताना पाणी थोडं ओढून धरलं, पानं दुपारी जरा मलूल दिसेपर्यंत, मग पुन्हा सुरू केलं. शेतकरी पाण्याचा ताण देऊन पावसाळ्याअखेर फुलं आणतात, म्हणजे हस्त बहार धरतात, त्याचीच ही ड्रममधली छोटी आवृत्ती, फक्त ड्रममध्ये ताण चार-सहा दिवसांतच बसतो, शेतासारखे आठवडे लावले तर झाड जाईल. ऑक्टोबरमध्ये फुलं भरपूर आली, बरीच गळलीही, लिंबात ते होतंच. पण जी टिकली ती मार्च-एप्रिलमध्ये, बाजारात लिंबू महाग असताना, पिवळी होऊन हातात आली.

सगळंच सुटलेलं नाही. त्याच गच्चीवर तेच पाणी पिणारी बोगनवेल आणि सदाफुली कायम ठणठणीत होती, तर अनंत, एक्झोरा आणि कढीपत्ता ह्या तिघांचे शेंडे लिंबासारखेच पिवळे. कोणती झाडं क्षार सोसतात आणि कोणती नाही ते ह्या एका गच्चीवर स्वच्छ दिसतं. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, तो एका पावसाळ्यात सावरला. एक्झोराही सुधारला. अनंत अजून रखडलाय, त्याला लिंबापेक्षाही आम्ल माती लागते आणि त्याची कुंडी लहान असल्यामुळे चुना जास्त दाटलाय. त्याची माती ह्या जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पूर्ण बदलायची ठरवलीये, अर्धं कोकोपीट, अर्धं कंपोस्ट आणि लाल माती.

आरओचं टाकाऊ पाणी आता लादी पुसायला, भांडी विसळायला आणि फ्लशच्या बादलीत जातं, बोगनवेलीला अधूनमधून. काकूंना एक थेंब फुकट घालवायचा नव्हता, तो अजूनही जात नाही. टीडीएस मीटर त्यांनी स्वतःचा घेतलाय आणि टँकर बदलला की आधी मोजून बघतात. मागच्या महिन्यात एका टँकरचं ८५० आलं, त्या आठवड्यात लिंबाला फक्त एसीचं पाणी दिलं, आणि मजल्यावरच्या बाकी दोन घरांनाही त्यांनी कुंड्यांना ते पाणी घालू नका म्हणून सांगितलं.